ओळीपलीकडील शोध : संहितेच्या अभ्यासात नमुनासूत्रांचा उपयोग

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा शब्दप्रयोग अमुक ग्रंथात आढळत नाही, असे विधान करणे पूर्वीच्या अभ्यासकास फार कष्टाचे होते. त्यासाठी संपूर्ण ग्रंथ, बहुधा एकाहून अधिक वेळा, डोळ्यांखालून घालावा लागे. आज ग्रंथाची संहिता संगणकात उपलब्ध असली म्हणजे तेच विधान काही क्षणांत करता येते. परंतु या सुलभतेबरोबरच ते विधान चुकण्याचा एक नवा मार्गही खुला झाला आहे. तो मार्ग ओळीच्या शेवटी आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. छापील पुस्तकावरून पानागणिक उतरवून घेतलेल्या एका संहितेत पुढील दोन ओळी आहेत असे समजावे :

गावकऱ्यांनी मामलेदाराकडे दुष्काळी कामे
सुरू करण्याची मागणी केली.

या संहितेत 'दुष्काळी कामे सुरू' हा शब्दसमूह आहे, हे वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु टेक्स्ट एडिटरमध्ये हेच तीन शब्द शोधास दिले, तर उत्तर 'नाही' असे येईल. कारण शोध घेणाऱ्याने 'कामे' आणि 'सुरू' यांच्यामध्ये रिकामी जागा टंकलिखित केली आहे. संहितेत मात्र तेथे रिकामी जागा नसून ओळ संपल्याचे चिन्ह आहे. वाचकाच्या दृष्टीने हे दोन्ही एकच. यंत्राच्या दृष्टीने ही दोन सर्वस्वी भिन्न चिन्हे होत.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ ही साठवलेली ओळ असतेच असे नाही. पुष्कळदा एडिटर लांब परिच्छेद खिडकीच्या रुंदीप्रमाणे मोडून दाखवतो. खिडकी रुंद केली की ओळी बदलतात. अशा मोडणीने शोधास बाध येत नाही. बाध येतो तो संहितेतच साठवलेल्या ओळसमाप्तीमुळे. छापील पानाशी ताडून पाहणे सोपे जावे म्हणून ज्या प्रतींत मूळ ओळी जशाच्या तशा राखल्या जातात, त्या सर्व प्रतींत, तसेच सर्व पद्यसंहितांत, अशी ओळसमाप्ती पानोपानी असते. म्हणजे साहित्याच्या व भाषेच्या अभ्यासकास ज्या संहितांचे अधिक काम पडते, त्यांतच ही अडचण विशेष आहे.

२. ओळीची मर्यादा कोठून आली

या अडचणीवरील उपाय ज्या साधनात आहे, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन असे नाव आहे. येथे त्यास 'नमुनासूत्र' म्हटले आहे. नमुनासूत्र म्हणजे शोधावयाच्या मजकुराचे नव्हे, तर त्याच्या घडणीचे वर्णन. ठराविक अक्षरे, त्यांचे पर्याय आणि त्यांची पुनरावृत्ती या तीन क्रियांनी हे वर्णन केले जाते.

या कल्पनेचा उगम भाषाशास्त्रात किंवा संपादनशास्त्रात नाही. मज्जातंतूंच्या जाळ्याचे गणिती प्रतिरूप मॅककलॉक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले होते. अशा जाळ्यांना कोणत्या प्रकारचे घटनाक्रम ओळखता येतील, याचा विचार अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये केला. तो निबंधरूपाने १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुनरावृत्तीचा निर्देश करणारा तारा (*) त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे गणित मजकुराच्या शोधास कसे लावता येईल, हे बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये एका छोट्या निबंधात दाखविले. पुढे युनिक्स प्रणालीतील 'एड' या एडिटरमध्ये त्यांनी हे साधन घातले, आणि १९७३ मध्ये त्यातूनच 'ग्रेप' ही स्वतंत्र शोध-आज्ञा निघाली.

'एड' हा ओळीगणिक चालणारा एडिटर होता. त्या काळी संगणकाशी संवाद बहुधा पडद्यावर होत नसून कागदावर छापणाऱ्या दूरमुद्रकावर होत असे. तेथे एकेक ओळ मागविणे, बदलणे व पुन्हा छापून पाहणे हाच स्वाभाविक क्रम होता. 'ग्रेप'नेही तोच क्रम स्वीकारला : एक ओळ घ्यावी, ती नमुन्याशी जुळते की नाही ते पाहावे, जुळल्यास छापावी, आणि पुढील ओळीकडे वळावे. आज्ञावलींच्या मजकुरात एक ओळ बहुधा एक विधान असते. म्हणून ही पद्धत तेथे उत्तम चालली. १९८७ मध्ये रॉब पाइक यांनी एका निबंधात या ओळनिष्ठेवर टीका केली आणि मजकुराची रचना ओळींऐवजी नमुनासूत्रांनीच वर्णन करावी असे प्रतिपादन केले. तथापि ओळीची मर्यादा ही सवय म्हणून बहुतेक साधनांत टिकून राहिली. क्लेनींच्या गणितात ओळीला काहीच विशेष स्थान नाही. ओळसमाप्ती हे तेथे इतर चिन्हांसारखेच एक चिन्ह. मर्यादा आली ती साधनांच्या इतिहासातून. म्हणूनच ती ओलांडताही येते.

३. ओळसमाप्तीचे चिन्ह

ओळसमाप्ती सर्व प्रतींत एकाच प्रकारे साठवली जात नाही. दूरमुद्रकावर ओळ बदलण्यासाठी दोन हालचाली लागत : मुद्रणभाग डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. टंकलेखनयंत्र ज्यांनी हाताळले आहे त्यांना हे सहज कळेल. या दोन हालचालींना अनुक्रमे १३ आणि १० हे संकेतांक आहेत. युनिक्स परंपरेने ओळसमाप्तीसाठी केवळ १० हा संकेत ठेवला. विंडोज प्रणालीत १३ व १० हे दोन्ही क्रमाने येतात. मॅकिंटॉशच्या जुन्या प्रणालींत केवळ १३ असे.

नमुनासूत्रात १० या संकेतासाठी उलटी तिरकी रेघ व 'एन' हे रोमन अक्षर, आणि १३ साठी तीच रेघ व 'आर' हे अक्षर लिहितात. रिकामी जागा, टॅब व ओळसमाप्ती यांपैकी कोणतेही चिन्ह चालेल असे सांगावयाचे असल्यास त्या रेघेपुढे 'एस' लिहितात. येथे ही चिन्हे उच्चाराप्रमाणे \एन, \आर आणि \एस अशी छापली आहेत. यंत्रावर ती अक्षरे रोमन लिपीतच लिहावयाची असतात. संहिता कोणत्या प्रणालीवर तयार झाली हे ठाऊक नसेल, तर ओळसमाप्तीसाठी \आर?\एन असे लिहिणे इष्ट. येथील प्रश्नचिन्हाचा अर्थ 'आधीचे चिन्ह असेल किंवा नसेल' असा होतो.

आरंभीच्या उदाहरणातील शब्दसमूह आता असा शोधता येईल :

दुष्काळी\एस+कामे\एस+सुरू

अधिकचिन्हाचा अर्थ 'एक वा अधिक वेळा'. शब्दांमधील जागा साधी असो, दुहेरी असो, की तेथे ओळ मोडलेली असो, हे सूत्र तिन्ही ठिकाणी जुळते.

४. बिंदू, तारा आणि दोन 'रीती'

नमुनासूत्रात बिंदू (.) म्हणजे कोणतेही एक चिन्ह. देवनागरीच्या अभ्यासकाने येथे हे ध्यानात घ्यावे की 'चिन्ह' म्हणजे लेखनातील पूर्ण अक्षर नव्हे. 'की' या अक्षरात व्यंजन आणि मात्रा अशी दोन चिन्हे साठवलेली असतात, आणि त्यासाठी दोन बिंदू लागतात. परंतु बिंदूचा याहून महत्त्वाचा विशेष असा की, बहुतेक साधनांत तो ओळसमाप्तीशी जुळत नाही. 'कोणतेही चिन्ह' या वर्णनास हा एकच अपवाद आहे, आणि पुष्कळ फसगत त्यातूनच होते.

हा अपवाद दूर करण्याची सोय असते. तिचे प्रचलित इंग्रजी नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. पर्ल या भाषेच्या परंपरेत बिंदूने ओळ ओलांडावी अशा रीतीस 'एकओळी' म्हणतात, कारण त्या रीतीत सर्व मजकूर जणू एकच ओळ मानला जातो. उलट 'बहुओळी' या नावाच्या रीतीचा बिंदूशी काहीही संबंध नाही. आरंभ दाखविणारे ^ आणि शेवट दाखविणारे $ ही चिन्हे संपूर्ण मजकुराच्या टोकांशी जुळावयाची की प्रत्येक ओळीच्या टोकांशी, एवढेच ती ठरविते. अनेक ओळींतून शोध घ्यावयाचा म्हणून ज्याने 'बहुओळी' रीत निवडली, त्याचा बिंदू पूर्ववत् ओळीच्या आतच राहतो. आणि शोध निष्फळ झाला की संहितेत तो मजकूर नाही असा त्याचा ग्रह होतो.

५. ओवीच्या मर्यादेतील शोध

ओळ ओलांडणे हे निम्मेच काम होय. ओलांडल्यानंतर कोठे थांबावयाचे, हा अधिक कठीण प्रश्न आहे. ज्ञानेश्वरीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरेल. अठरा अध्यायांच्या या ग्रंथात सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. प्रत्येक ओवी दोन ओळींत मांडली आहे, चरणांमध्ये एक दंड (।) आणि ओवीच्या शेवटी दोन दंडांमध्ये (॥) तिचा क्रमांक आहे, अशी एक संगणकीय प्रत समोर आहे असे धरावे. सूर्य आणि चंद्र हे दोन शब्द एकाच ओवीत किती वेळा येतात, हा अभ्यासाचा विषय आहे. प्रथम सूर्य आधी व चंद्र नंतर, एवढाच क्रम विचारात घेऊ.

पहिला प्रयत्न स्वाभाविकपणे सूर्य.*चंद्र असा होईल. म्हणजे 'सूर्य', मध्ये कोणतीही चिन्हे कितीही वेळा, आणि मग 'चंद्र'. बिंदू ओळ ओलांडत नसल्यामुळे, ज्या ओव्यांत सूर्य पहिल्या ओळीत व चंद्र दुसऱ्या ओळीत आहे, त्या सर्व या शोधातून निसटतात. मिळणारी संख्या वास्तविकाहून कमी असते, आणि ती कमी आहे याची कोणतीही खूण दिसत नाही.

बिंदूला ओळ ओलांडू दिली तर दोष उलट दिशेने होतो. तारा हा स्वभावतः हावरा आहे. तो जितके घेता येईल तितके घेतो. त्यामुळे ग्रंथातील पहिल्या सूर्यापासून अखेरच्या चंद्रापर्यंतचा सर्व मजकूर हे एकच उत्तर म्हणून समोर येते. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह जोडून, म्हणजे सूर्य.*?चंद्र असे लिहून, त्यास संयमी करता येते. मग तो सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या चंद्रापाशी थांबतो. येथे पुष्कळांना प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण तो सुटलेला नसतो. समजा, दहाव्या ओवीत सूर्य आहे, पण चंद्र नाही; आणि पुढील चंद्र थेट पन्नासाव्या ओवीत आहे. संयमी ताराही या चाळीस ओव्या ओलांडून त्या दोन शब्दांची जोडी जुळवील. 'सर्वांत जवळचा' म्हणजे 'त्याच ओवीतील' नव्हे. शिवाय मधल्या एखाद्या ओवीत चंद्र आधी व सूर्य नंतर असेल, तर तीही चुकीच्या जोडीत गिळली जाईल.

योग्य मार्ग असा की, मध्ये 'कोणतेही चिन्ह' न म्हणता 'ओवीची समाप्ती सोडून कोणतेही चिन्ह' असे म्हणावे. चौकोनी कंसात ^ हे चिन्ह आरंभी ठेवल्यास 'यांखेरीज कोणतेही' असा अर्थ होतो :

सूर्य[^॥]*चंद्र

अशा निषेधात्मक संचात ओळसमाप्तीचा निषेध केलेला नसल्यामुळे बहुतेक साधनांत तो ओळ आपोआप ओलांडतो, परंतु दुहेरी दंडापाशी अडतो. ओळीची कृत्रिम मर्यादा जाते आणि ओवीची खरी मर्यादा तिची जागा घेते. दोन्ही क्रम विचारात घेतले म्हणजे सूत्र असे होते :

(सूर्य[^॥]*चंद्र|चंद्र[^॥]*सूर्य)

येथील उभी रेघ पर्याय दाखविते. या सूत्राचा आणखी एक गुण असा की, एका ओवीतून त्यास एकच उत्तर मिळते. हावरा तारा ओवीतील शेवटच्या चंद्रापर्यंत (किंवा दुसऱ्या क्रमात शेवटच्या सूर्यापर्यंत) पोहोचतो, आणि नंतर त्याच ओवीत दुसरी जोडी जुळण्यास शब्द उरत नाही. म्हणून उत्तरांची संख्या हीच ओव्यांची संख्या ठरते. जो हावरेपणा आधी दोष होता, तोच योग्य मर्यादेत गुण झाला.

मात्र हे सर्व मर्यादाचिन्हाच्या एकरूपतेवर अवलंबून आहे. मराठीच्या संगणकीय प्रतींत दुहेरी दंड तीन प्रकारे लिहिलेला आढळतो : ॥ हे एकच चिन्ह, दोन एकेरी दंड ।। शेजारी शेजारी, किंवा कळफलकावरील दोन उभ्या रेघा. छापल्यावर ही तिन्ही रूपे जवळजवळ सारखी दिसतात. ज्या ओव्यांच्या शेवटी ॥ नसून ।। असेल, तेथे वरील सूत्र न अडता पुढच्या ओवीत शिरेल. म्हणून शोधापूर्वी अशी सर्व रूपे एका रूपात आणून घ्यावीत. शब्दांच्या लेखनाचेही तसेच. 'चंद्र' बरोबर 'चन्द्र' हे लेखन संभवत असेल, तर सूत्रात (चंद्र|चन्द्र) असा पर्याय द्यावा. गीतेचे श्लोक प्रतीत समाविष्ट असल्यास त्यांच्या शेवटीही दुहेरी दंडच असतो. तेव्हा आलेल्या उत्तरांतून श्लोक वेगळे काढल्याखेरीज ती संख्या ओव्यांची म्हणता येणार नाही.

६. गद्यातील शोध

गद्यात ओवीची जागा वाक्य घेते. दोन शब्द एकाच वाक्यात आहेत काय, हे पाहण्यासाठी मध्ये [^.?!]* असा संच ठेवता येतो, चौकोनी कंसात बिंदूचा विशेष अर्थ लोपून तो केवळ पूर्णविराम राहतो. परंतु 'डॉ.', 'इ. स.' यांसारख्या संक्षेपांतील बिंदूही त्यास वाक्यान्तच वाटतो. त्यामुळे असा शोध काही खरी उदाहरणे गमावतो, आणि ही उणीव गृहीत धरूनच त्याचा उपयोग करावा.

ओळीच्या शेवटी संयोगरेषेने तोडलेले शब्द ही गद्यातील दुसरी अडचण. 'महाविद्या-' एका ओळीत व 'लयात' पुढील ओळीत असेल, तर 'महाविद्यालय' हा शोध निष्फळ होतो. संयोगरेषा व तिच्यामागील ओळसमाप्ती, म्हणजे -\आर?\एन, एकदम काढून टाकावी हा उपाय सहज सुचतो. पण तो सरसकट योजणे धोक्याचे आहे. 'आई-वडील' हा शब्द जर नेमका आपल्या संयोगरेषेपाशीच मोडला असेल, तर त्याचे 'आईवडील' होईल, आणि संपादकाने मूळ लेखनात नकळत बदल केल्यासारखे होईल. म्हणून या नमुन्याची सर्व स्थळे प्रथम शोधून, एकेक पाहून मगच बदल करावा. आणि मूळ प्रत अबाधित ठेवून हे काम तिच्या नकलेवर करावे.

तिसरी अडचण पानाच्या टोकाशी येते. पानागणिक उतरवलेल्या प्रतीत एका पानाची शेवटची ओळ आणि पुढील पानाची पहिली ओळ यांच्यामध्ये पृष्ठांक, शिरोलेख वा तळटीप असते. तेथे \एस+ अपुरे पडते. केवळ पृष्ठांक मध्ये येत असल्यास \एस+([०-९]+\एस+)? असे लिहून तो ओलांडता येतो. शिरोलेख व टीपा मात्र शोधापूर्वी वेगळ्या काढणे हाच खात्रीचा मार्ग होय.

७. एडिटरपरत्वे भेद

एकच सूत्र सर्व एडिटरांत सारखे वागत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोधाच्या खिडकीतच बिंदू ओळसमाप्तीशी जुळावा की नाही, हे ठरविणारा चौकोन आहे. विमची पद्धत निराळी आहे. तेथे \एस म्हणजे केवळ रिकामी जागा व टॅब, आणि निषेधात्मक संचही ओळ ओलांडत नाही. ओलांडण्यासाठी तिरक्या रेघेनंतर अधोरेषा लिहावी लागते. म्हणून बिंदूऐवजी \_. आणि वरील संचाऐवजी \_[^॥]* असे लिहावे लागते. ईमॅक्समध्ये बिंदू ओळ ओलांडत नाही, परंतु निषेधात्मक संच ओलांडतो. विजुअल स्टुडिओ कोडमध्ये अनेक फायलींतून बहुओळी शोध घेण्याची सोय २०१८ मध्ये आली. तेथे नमुन्यात \एन स्पष्ट लिहिले म्हणजे शोध ओळीपलीकडे जातो, म्हणून शब्दांमधील जागेसाठी (\एस|\एन)+ असे लिहिणे सुरक्षित. 'ग्रेप' मुळातच ओळीगणिक चालत असल्यामुळे या कामी त्याच्यावर विसंबू नये.

देवनागरीचाही एक विशेष येथे सांगितला पाहिजे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवलेला आढळतो : एकदा २३५३ या संकेतांकाच्या स्वतंत्र ऱ ने, तर एकदा साध्या र ला हलन्तचिन्ह व त्यापुढे ८२०५ हे अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यास दोन्ही एकच दिसतात. शोधास ती भिन्न आहेत. ओळसमाप्तीप्रमाणेच हेही न दिसणारे, परंतु उत्तर बदलणारे चिन्ह होय.

८. कसोटी आणि नोंद

वरील विवेचनातून एक व्यवहार्य शिस्त निष्पन्न होते. कोणत्याही सूत्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते ज्ञात उदाहरणावर लावून पाहावे. छापील ग्रंथात ओळीच्या टोकाशी मोडलेला एखादा शब्दसमूह डोळ्यांनी हेरून ठेवावा. सूत्रास तो सापडला नाही, तर इतर काही सापडले नाही याला अर्थ उरत नाही. तसेच जे सापडू नये, म्हणजे दोन शेजारच्या ओव्यांत विभागलेली जोडी, ते सापडत नाही ना, हेही पाहावे. प्रत्येक अध्यायातील ओवीक्रमांकांची संख्या यंत्राकडून मोजवून ती छापील अध्यायाच्या अखेरच्या क्रमांकाशी ताडल्यास मर्यादाचिन्हांतील बहुतेक दोष उघडे पडतात.

दुसरे असे की, शोधाचे उत्तर प्रबंधात वा निबंधात देताना त्याबरोबर कोणती प्रत, तीत ओळी राखल्या आहेत काय, कोणते सूत्र आणि कोणता एडिटर, या चार गोष्टींचा उल्लेख करावा. होकारार्थी उत्तरास पृष्ठांक दिला की त्याची पडताळणी होते. नकारार्थी उत्तरास असा पृष्ठांक नसतो. 'आढळत नाही' या विधानाचा एकमेव पुरावा म्हणजे ज्या रीतीने शोधले त्या रीतीचे वर्णन होय. ते वर्णन नसेल, तर वाचकास ग्रंथातील अभाव आणि शोधातील उणीव यांत भेद करता येत नाही, आणि एकाची चूक पुढील अभ्यासक आधार म्हणून उद्धृत करीत राहतो. पूर्वीचा अभ्यासक जेव्हा अमुक शब्द ग्रंथात नाही असे म्हणे, तेव्हा त्याने ग्रंथ वाचला आहे ही हमी त्या विधानामागे असे. यंत्राने ग्रंथ वाचलेला नसतो. त्याने केवळ दिलेला नमुना ताडून पाहिलेला असतो. म्हणून त्या विधानाची हमी आता नमुना लिहिणाऱ्यानेच दिली पाहिजे.